मशीनच्या खोलीतलं सुतक

हेमंतभाऊ,

वहिनी वही घेऊन समोर बसल्या आहेत. तुमच्या आठवणींचं एक लहान पुस्तक काढतायत, त्यात ऑफिसातले सगळे लिहिणार. मला म्हणल्या, मावशी तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी म्हणलं, माझं काय काम त्याच्यात, मी झाडू मारणारी बाई. तर म्हणल्या, "ते घरी आले की आधी तुमचंच सांगायचे, आज मावशी अशा म्हणाल्या, तशा म्हणाल्या." मग बसले. पण मी बोलणार तुमच्याशी. वहिनींकडे पाहून बोललं की त्यांचे डोळे भरतात आन लिहिणं राहतं.

पंधरा दिवस झाले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही तुम्ही. मी सत्तरीला टेकले, गुडघे गेले, एक डोळा गेला, तरी इथं बसले आहे बोलत. त्यावर काय बोलायचं. वर कोण यादी करतो त्याला आपलं काही चालत नाही.

तुमचं काम काय आहे ते मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. सुरतेला विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात मी ठेकेदाराकडून लागले, तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर दोन फोन घेऊन बसायचे. सकाळपासून एकच विचारायचे, "आवाज येतोय का? मी दिसतोय का?" मला वाटलं, ह्या माणसाला घरात कोणी विचारत नाही की काय! मग ज्योत्स्नाबेननं, त्या ऑफिसच्या क्लार्क, मला समजावलं. म्हणे मास्तर लोकं कॉम्प्युटरवरून शिकवतात, लांबच्या लांब सभा भरवतात, कोणाचा आवाज जातो, कोणाचं तोंड उलटं दिसतं, कोण आपला पासवर्ड विसरतो, त्या सगळ्यांना हेमंतभाई फोनवरून वाटेवर आणतात. एक मोठे प्रोफेसर दर सोमवारी पासवर्ड विसरायचे. दर सोमवारी तुम्ही त्यांना तेवढ्याच गोड आवाजात म्हणायचे, "काही हरकत नाही सर, होतं असं." फोन ठेवला की माझ्याकडे बघून म्हणायचे, "मावशी, रविवार नसता तर माझं अर्धं काम कमी झालं असतं."

सगळ्या विभागात माझ्याशी मराठी बोलणारे तुम्ही एकटेच. तुमचं मराठी पण सुरतेचंच, मध्येच गुजराती "चालशे" म्हणायचे. पण "मावशी" म्हणायचे ते आपल्याकडचं म्हणायचे.

मशीनच्या खोलीत पहिल्या दिवशी नेलं तेव्हा तुम्ही दारातच थांबवलं. "मावशी, चपला बाहेर." मी काढल्या. "ओला पोछा मारायचा नाही. आत काही खायचं नाही. दार आपटायचं नाही." आत थंडगार. काळं उंच कपाट, त्यात बारीक दिवे लुकलुक करतात, बाकी कशाचा आवाज नाही, फक्त एक घूं घूं. मी मनात म्हणलं, एवढं तर आमच्या गावच्या देवळातसुद्धा कोणी पाळत नाही.

मग दसरा आला. ह्याआधी मी कारखान्यात होते, तिथं आम्ही मशीनला हार घालायचो, इथं पण मी झेंडूचं फूल नेलं, कपाटाला कुंकवाचं बोट लावलं. तुम्ही आत आले. मला वाटलं आता ओरडा बसतो. तुम्ही जाळीवर पडलेलं कुंकू कोरड्या कपड्यानं हलकेच पुसलं, फूल जरा वर सरकवलं, आन हात जोडले. डोळे पण मिटले. तिथंच माझ्या मनात ठरलं की ही जागा कसली आहे.

नंतर ती करोनाची बंदी आली. सगळं जग घरात. तुमच्या सोसायटीला बांबू लावून टाकले, पोलीस बसवला. सगळे मास्तर आपापल्या घरून शिकवतात आन सगळ्यांचा कारभार त्या एका कपाटातून चालतो. त्याची बॅटरी बिघडलेली, दुरुस्तीला माणूस येईना. लाईट जाऊन आली की कोणीतरी हातानं बटण दाबायला पाहिजे. माझ्याकडे सफाईचा पास होता, आन मी भेस्तानला, पायी पाऊण तासावर. तुम्ही म्हणले, "मावशी, आता विद्यापीठ तुमच्या हातात." थट्टेनं म्हणले, पण खरंच होतं ते.

पहिल्या दिवशीचा फोन आठवतो का?

"मावशी, निळी वायर काढा आन परत लावा."

"कोणती निळी?"

"अहो निळी! निळी म्हणजे निळी."

"भाऊ, इथं चार निळ्या आहेत. एक आकाशी, एक फिरोजी, एक मोरपंखी, आन एक जांभळ्याकडे गेलेली."

तुम्ही मग म्हणले, "मला तर त्या सगळ्या सारख्याच दिसतात."

पांडेसऱ्याला डाइंगमध्ये, साड्या रंगवायच्या त्या कारखान्यात, मी सात वर्षं रंगाची शेड मिळवायला बसले होते, भाऊ. साडीचा तुकडा आन नमुना शेजारी धरायचा, बारीकसा फरक असला तरी कापडाचा अख्खा ताका परत. तिथं चूक केली की सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबाप काढायचा. मला एबीसीडी येत नाही, पण मोरपंखीला फिरोजी कोणी म्हणू शकणार नाही माझ्यासमोर. मग तुम्ही घरी बसून वहीत लिहून घेतलं, मोरपंखी म्हणजे अमुक, गाजरी म्हणजे तमुक. आन व्हिडिओवर ओरडायचे, "मावशी, तुमचं कपाळ दिसतंय मला, मशीन दाखवा!" मी म्हणायचे, "कपाळ बघा तोवर, मशीन काय पळून जातं?" हसायचे तुम्ही. तिकडे वहिनी पण हसायच्या, आवाज यायचा.

आता पुढचं सांगायचं आहे. वहिनी, हे पण लिहा.

त्या बंदीतच माझे जेठ वारले. माझ्या मालकांचे थोरले भाऊ, तिकडे शिंदखेड्याकडे. भाऊ, तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही, आज सांगते. माझे मालक रंगाच्या कारखान्यात होते, एक हात लाल आन एक हात हिरवा घेऊन घरी यायचे, आन एक दिवस छाती धरून बसले ते बसलेच. दोन पोरं लहान. तेव्हा जेठ आले. खांद्यावर दादरचं पोतं, आपली खानदेशी ज्वारी, रेल्वेनं घेऊन आले. आमच्यात जेठासमोर बाई बोलत नाही, पदर घेऊन दाराआड उभं राहायचं. मी दाराआड, ते ओट्यावर. भिंतीकडे तोंड करून म्हणले, "तिले सांगा, गावले ये नाहीतर आठेच ऱ्हाय, तिनं तिनी ठरावनं. दादर येत ऱ्हाई." म्हणजे गावाला ये नाहीतर इथंच राहा, ज्वारी येत राहील. आन पोतं येत राहिलं. दरवर्षी. पोरं मोठी झाली, कमावती झाली, तरी येत राहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर चार शब्द बोलले नाही. तोंड पण नीट पाहिलं नाही.

ते गेले आन मला जाता आलं नाही. गाड्या बंद. मातीला नाही, दहाव्याला नाही. मग माझ्या हातात काय उरलं? सुतक उरलं. तेवढं मी नीट पाळायचं ठरवलं. देवाला हात नाही, दिवा नाही, कोणाच्या शुभकामात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. परत वाजला. किती वेळा वाजला काय माहीत, शेवटी उचलला.

"मावशी! कुठं आहात?"

"घरी."

"लाईट जाऊन आली, मशीन बंद पडलंय. पटकन निघा. साडेदहाला उर्मिलाबेनची पीएचडीची तोंडी परीक्षा आहे, परदेशातून परीक्षक बसलेत."

"मला नाही जमणार. सुतक आहे."

"काय आहे?"

"सुतक. दहा दिवस मी त्या खोलीत पाय ठेवत नाही."

"अहो मावशी, ते मशीन आहे, देव नाही!"

"मग चपला काहून काढायला लावता?"

"धूळ जाऊ नये म्हणून! धूळ!"

"आन दसऱ्याला हात काहून जोडले?"

तुम्ही मग म्हणले, "तुमचं मन राहावं म्हणून."

तेवढं बोलायला नको होतं, भाऊ. मला वाटलं, म्हणजे हा माणूस इतके दिवस मला खेळवत होता. आन सुतक म्हणलं तर माणूस आधी विचारतो, कोण गेलं? तुम्ही नाही विचारलं. मी फोन ठेवून दिला. बंदच करून टाकला.

पुढचं मला मागाहून कळलं. तुम्ही पोलिसाच्या हातापाया पडून पास काढला, मोटारसायकलवर गेले, तोवर दीड वाजला. परीक्षक उठून गेले होते. उर्मिलाबेन कॉलेजात शिकवायची, पाच वर्षांपासून त्या एका दिवसाची वाट बघत होती. लहान लेकरू आईकडे ठेवून, साडी नेसून, भिंतीला पडदा लावून बसली होती बिचारी. कॉलेजातली तिची जागा त्या पदवीवर अडलेली. पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. जागा कशीबशी राहिली, पण ते अडीच महिने तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत.

अकराव्या दिवशी मी अंघोळ करून कामावर गेले. तुमचा फोन आला. मला वाटलं आता फाडून खातात.

"मावशी, आलात?"

"आले."

"बरं. मोरपंखी काढा."

एवढंच. त्या दिवसाचं नाव पण काढलं नाही. मी पण नाही.

वर्षभरानं ज्योत्स्नाबेन बोलता बोलता म्हणल्या, "मासी, तमने खबर नथी?" मी म्हणलं, काय माहीत नाही? ऑफिसनं तुम्हाला पत्र दिलं होतं, मशीन बंद काहून राहिलं. तुम्ही लिहून दिलं, लाईट गेल्याचं माझ्या वेळेवर लक्षात आलं नाही, चूक माझी. कायम करायच्या यादीत तुमचं नाव होतं, ते त्या कागदापायी मागं गेलं. एक वर्षानं नाही, कितीतरी वर्षांनी मागं. शेवटपर्यंत तुम्ही कंत्राटावरच राहिले. माझं नाव लिहिलं असतं तर ठेकेदारानं मला दुसऱ्याच दिवशी काढलं असतं. बासष्टाव्या वर्षी मी कुठं गेले असते?

तेव्हाच येऊन तुमच्यासमोर उभं राहायला पाहिजे होतं मी. नाही राहिले. भीती होती, खोटं काहून बोलू. आन राग पण होता थोडा, अजून. माणूस किती दिवस राग धरतो बघा. चूक आपली, उपकार त्याचा, आन राग पण आपणच धरून बसायचा.

उर्मिलाबेनला पदवी मिळाली तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. तुम्ही मला हाक मारली, "मावशी, या, तुमचा पण आहे." माझ्या हातावर पेढा ठेवला. ती मला म्हणली, "मासी, तुमचे पण आभार, बंदीत तुम्हीच मशीन सांभाळलं ना." तुम्ही कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मी पेढा खाल्ला नाही. पदराला बांधून नेला आन घरी गेल्यावर कावळ्याला टाकला.

एकदा मात्र तुम्ही सुरू केलं होतं. बंदी उठून दोन वर्षं झाली असतील. दुपारची वेळ, तुम्ही चहा घेत होते, मी खिडकी पुसत होते. म्हणले, "मावशी, त्या वेळी तुमच्याकडे..." आन फोन वाजला. कोणाची तरी सभा चालू होती, अर्ध्या लोकांना ऐकू येत नव्हतं. तुम्ही उठून गेले. मी फडका हातात धरून उभी राहिले, की येतील परत. आले, पण दुसरंच बोलले. मी पण विचारलं नाही, काय म्हणत होते. एवढी मोठी जीभ आहे मला, सगळ्या विभागाला माहीत आहे, आन त्या दिवशी हलली नाही.

मग तुम्ही गेले.

तुमची शोकसभा ऑनलाइन ठेवली होती. तुमचे भाऊ नाशिकला, वहिनी घरी, कॉलेजं लांब लांब, म्हणून. आम्ही विभागातले आठ-दहा जण हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर बसलो. तुमच्या जागी आलेले परेशभाई सगळं जोडत होते. पडद्यावर एवढे चौकोन, एवढी तोंडं. ते सोमवारचे प्रोफेसर पण होते, रडत होते. एक एक जण बोलत होता. मग विभागाचे मोठे साहेब बोलले. चांगलंच बोलले, वाईट हेतू नव्हता त्यांचा. म्हणले, "इतने साल में बस एक बार उनसे चूक हुई. और वो भी उन्होंने खुद लिखकर मान ली. ऐसे सच्चे आदमी थे."

सगळ्यांनी माना हलवल्या.

भाऊ, मला ते ऐकवलं नाही. मेलेल्या माणसाला आता ती चूक कायमची चिकटणार, आन ती पण कौतुकानं. मी उठले. परेशभाई म्हणले, "मासी, बोलवुं छे?" मी मान हलवली. त्यांनी माईक दिला.

मी म्हणलं, "साहब, वो चूक उनकी नहीं थी. मेरी थी. लाईट गई थी, उन्होंने मुझे फोन किया था, बहुत बार किया था. मैं नहीं गई. मेरे घर में सूतक था. उन्होंने मेरा नाम नहीं लिखा."

एवढी तोंडं, सगळी थांबलेली. मला वाटलं माझा आवाज गेलाच नाही. मी परेशभाईंना विचारलं, ऐकू आलं का? त्यांनी हळूच हो म्हणलं.

मग एका चौकोनात वहिनी दिसल्या. त्या बोलल्या, मराठीत, सगळ्या सभेत मराठीत. "मावशी, मला माहीत होतं. त्या दिवशी ते घरी आले, जेवले नाहीत. म्हणाले, त्या बाईच्या घरात कोणीतरी गेलंय, आणि मी तिला मशीन मशीन करत बसलो. कोण गेलं एवढं पण विचारलं नाही. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

म्हणजे तुम्ही लाजेनं गप्प राहिले, आन मी लाजेनं गप्प राहिले. एका खोलीत, रोज, इतकी वर्षं. चपला दोघांच्या बाहेर शेजारी शेजारी. काय म्हणावं आपल्या दोघांना, भाऊ?

मला तुम्हाला आता एवढंच सांगायचं आहे की तुम्ही ते "मन राहावं म्हणून" म्हणले, ते मी खूप दिवस वाईट धरलं. आता तसं वाटत नाही. कोणाचं मन राहावं म्हणून कोण हात जोडतो आजकाल? दर सोमवारी त्या प्रोफेसरला "होतं असं सर" म्हणायचे, ते तरी कशासाठी होतं? तुमचं सगळं कामच ते होतं. लोकं म्हणतात कॉम्प्युटरचं काम. मी जवळून पाहिलं, मला माहीत आहे कशाचं होतं.

सभा झाल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ठेकेदाराचा माणूस वाटेत भेटला, म्हणला, "मौसी, क्या जरूरत थी? आदमी तो गया." मी म्हणलं, "आदमी गया, नाम इधर है." साहेब चांगले वागले. विचारलं, हे लिहून द्याल का? मी म्हणलं, देते. ज्योत्स्नाबेननं लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. चौथीपर्यंत शिकले आहे, नाव येतं लिहिता. वेळ लागला, पण पूर्ण लिहिलं, आडनावासकट. मला आता त्या खोलीतून काढून वाचनालयाकडे टाकलंय. चालतं. तिथं धूळ जास्त आहे, पण पोरी गप्प बसून वाचतात, बरं वाटतं.

साहेबांनी तुमची फाइल काढली. तुमचा तो कागद मी पहिल्यांदा पाहिला. इंग्रजीत होता, वाचता आला नाही, पण तुमची सही ओळखली. साहेब म्हणले, आता हा काढून टाकू, तुमचा लावू.

मी म्हणलं, "नको साहेब. त्यात खोटं आहे, मला माहीत आहे. पण ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलंय. ते फाडायचा हक्क तुम्हाला नाही, मला पण नाही. राहू द्या. माझा त्याच्यावर लावा."

साहेबांनी दोन्ही कागद जुळवले आन टाचणी लावली. तुमचा खाली, माझा वर. आता कोणी तुमची फाइल उघडली, तर आधी माझं वाचेल.